इंदूचे गुडघे आणि गोल शिक्का

२७ ऑक्टोबर, सकाळ

दिवाळी संपली. रोजनिशी पुन्हा सुरू. मागची रोजनिशी संक्रांतीला सुरू होऊन किंक्रांतीला बंद पडली होती. त्यात माझा दोष नव्हता, पेन खराब निघालं.

संकल्प: रोज तरोडा नाक्यापर्यंत चालणे. साखर बंद. पैशाने पैसा वाढवणे. पहिले दोन उद्यापासून.

तेहतीस वर्षं नांदेडच्या कोषागारात लोकांची बिलं तपासली. पाठीमागं मला 'आक्षेप' म्हणायचे. माझ्या टेबलावरून बिल पहिल्या फेरीत पास झालं तर ऑफिसात चहा व्हायचा. चहा फार कमी वेळा झाला.

बायको, म्हणजे इंदू, अजूनही घरात येणारं प्रत्येक बिल माझ्यापुढं ठेवते. बघा जरा, म्हणते. दूध, किराणा, वीज, औषधं. मी लाल पेनानं टिक केल्याशिवाय पैसे देत नाही. आज किराण्यात हिंग दोनदा लावलेला सापडला. दुकानदार हाव हाव, चुकलं साहेब, म्हणाला. इंदू त्याच्यासमोर अशी उभी होती की हिंग तिनंच पकडला असावा.

२७ ऑक्टोबर, दुपार

व्हॉट्सॲपवर 'ऑर्किडस्टोन वेल्थ परिवार' नावाच्या ग्रुपात मला घेतलं गेलंय. कुणी घेतलं माहीत नाही. निवड करूनच घेत असणार. देविका मॅडम म्हणून कुणी आहेत, फार अदबीनं लिहितात. सहा आठवड्यांत रक्कम दुप्पट, असं पत्र त्यांनी पाठवलं.

मी पत्र वाचलं आणि हसलो. पत्राला जावक क्रमांकच नाही! ज्या पत्राला जावक क्रमांक नाही ते पत्र ऑफिसातून निघालेलंच नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. तसा स्पष्ट आक्षेप मॅडमना कळवला. आता बसतील गप्प.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

पूर्तता आली! वीस मिनिटांत! जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, सगळं. तेहतीस वर्षांत एवढी तत्पर पूर्तता पाहिली नाही.

चालायला गेलो नाही. पूर्तता तपासत होतो.

३० ऑक्टोबर

दुसरा आक्षेप काढला: शिक्का चौकोनी आहे, गोल हवा. तिसरा: गोल शिक्का अर्धा सहीवर, अर्धा कागदावर हवा, नाहीतर सही कुणीही उचलून दुसरीकडे चिकटवेल. दोन्हीची पूर्तता झाली. देविका मॅडमनी लिहिलं की सर, तुमच्यासारखा अभ्यासू गुंतवणूकदार आम्हाला आजवर मिळाला नाही, आमचे संचालक तुम्हाला मानद सल्लागार करायचं म्हणतात. मी लिहिलं की मानधनाची अपेक्षा नाही. त्यांनी लगेच लिहिलं, मानधन नाहीच.

इतका सरळ व्यवहार आजकाल कुठं राहिलाय?

१ नोव्हेंबर

चाचणी म्हणून पेन्शनमधले दहा हजार लावले होते. आज नफ्याचे अकराशे खात्यात परत आले. खरे. बँकेच्या मेसेजसकट.

आता मुद्द्याचं. इंदूचे दोन्ही गुडघे गेलेत. लातूरच्या डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितलंय, ८ डिसेंबरची तारीख मिळाली आहे. पैशाची सोय आहे: उदगीरला तिच्या माहेरच्या प्लॉटचा वाटा विकला, त्याचे सहा लाख दोघांच्या खात्यात पडून आहेत. पडून! साडेतीन टक्क्यांनी! सहाचे बारा झाले तर गुडघे सगळ्यात भारीतले बसवू आणि वर सहा लाख उरतील. इंदूला आधी काही सांगायचं नाही. ऑपरेशननंतर एकदम सांगायचं. तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

भीती वाटत नाही. हात गार पडलेत, पण थंडी सुरू झालीय.

४ नोव्हेंबर

मॅडमनी खातं कळवलं. नाव पाहून दचकलो. 'मातापूर पशुखाद्य भांडार.' शेअर बाजाराचा आणि पेंडीचा काय संबंध? शाखाही कुठल्या तरी परराज्यातली. कडक आक्षेप काढला. 

पूर्तता: हे आमचं कलेक्शन अकाउंट आहे. सोबत तसं प्रमाणपत्र. जावक क्रमांक, गोल शिक्का, अर्धा सहीवर.

मग डोक्यात प्रकाश पडला. मातापूर म्हणजे आपलं माहूर. माझं नाव रेणुकादास. आईच्या नवसानं झालेला. ऑपरेशन झालं की माहूरच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढीन, असा इंदूनंही रेणुकामातेला नवस बोललाय. आणि पैसे जाणार मातापूरच्या नावावर. याहून स्पष्ट कौल देवी कशी देणार?

उद्या गुरुनानक जयंतीची सुट्टी. परवा बँक.

६ नोव्हेंबर, दुपार

झालं. आरटीजीएस केलं.

इंदूला सांगितलं की हयातीचा दाखला द्यायला जातोय. नोव्हेंबर आहेच, त्यामुळे हे खोटं म्हणता येत नाही. दाखलाही देऊन आलो. मी जिवंत आहे असं सही करून सांगितलं.

काउंटरला धम्मप्रिया होती. नरसिंगची मुलगी. नरसिंग माझ्या हाताखाली होता, ही लहानपणी त्याचा डबा घेऊन ऑफिसात यायची, आता अधिकारी आहे. फॉर्म बघून म्हणाली, काका, ही पार्टी तुमच्या ओळखीची आहे का. मी म्हणालो, आहे. म्हणाली, काका, हे पशुखाद्यवाले आहेत, तुमच्याकडं तर मांजरपण नाही. आसपासचे दोघेजण हसले. मला राग आला. मी म्हणालो की बाई, तुझ्या वयापेक्षा माझी सर्व्हिस जास्त आहे, मला कागद शिकवू नको. ती म्हणाली की काका, असले प्रकार फार चालू आहेत, एक दिवस थांबा, उद्या करू. मी म्हणालो, फॉर्ममध्ये त्रुटी असेल तर दाखव.

त्रुटी नव्हतीच. कोरा रकाना मला सहन होत नाही. फोन नंबरच्या रकान्यातही नियमाप्रमाणे इंदूचा नंबर, कारण खात्यावर पहिलं नाव तिचं.

धम्मप्रिया फॉर्म घेऊन आत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती पडलेल्या तोंडानं, आणि तिनं पैसे पाठवून दिले. नियमापुढं कुणाचं चालत नाही.

बँकेच्या पायरीवर जरा बसावं लागलं. सकाळी नाश्ता कमी झाला होता.

६ नोव्हेंबर, रात्र

इंदूनं शिरा केलाय. सण नाही, वार नाही. मला म्हणाली, काम झालं ना नीट.  कुठलं काम, असं विचारलं. ती म्हणाली, दाखल्याचं. मग म्हणाली, अजून घ्या की शिरा.

साखर सोडण्याचा संकल्प एक दिवस पुढं.

१२ नोव्हेंबर

ॲपवर सात लाख नव्वद हजार. दिवसातून आठ-दहा वेळा उघडतो. आकडा जागेवर आहे का बघतो, बंद करतो, परत उघडतो. तपासणीची सवय, दुसरं काही नाही.

इंदू आज मोरीतून उठताना नळाला धरून तशीच उभी राहिली. मी धावलो. म्हणाली, राहिले किती दिवस, आता नवे येतील की.

१७ नोव्हेंबर

अकरा लाख चाळीस हजार! बस. मी लोभी माणूस नाही. मॅडमना कळवलं, सगळी रक्कम काढायची आहे.

उत्तर आलं की सर, अभिनंदन, आधी नफ्यावर अठरा टक्के कर भरावा लागेल, सत्त्याण्णव हजार दोनशे.  हिशोब स्वतः करून पाहिला. पैशापैशाला बरोबर. आणि कर भरा म्हणणारा माणूस चोर कसा असेल? चोर कर बुडवतात.

फक्त सत्त्याण्णव हजार नाहीत.

१८ नोव्हेंबर

उदगीरला मेहुण्याला, अमृतरावाला फोन केला. त्याची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत आहे, त्याला लाख रुपये म्हणजे तुरीची पंधरा पोती. इंदूला न सांगता द्या म्हणालो, अडकलेला नफा सोडवायचाय म्हणालो, जास्त खोलात गेलो नाही.

तो म्हणाला, दाजी, आमच्याकडं माल उतरल्याबिगर हमालसुदिक हमाली मागत न्हाई, अन् ह्यो कोन बाबा हाय जो तुमचेच पैसे द्यायला तुम्हालाच पैसे मागून राहिला? मी म्हणालो की अमृतराव, शेअर बाजार तुरीच्या हिशोबपट्टीसारखा नसतो. तो म्हणाला, दाजी, तुमचा आवाज कापून राहिला. मी म्हणालो, रेंज नाही. मग म्हणाला, अक्काचे पैसे तर लावले न्हाईत ना?

रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

अडाणी माणूस. पण त्याचं शेवटचं वाक्य दिवसभर कानात आहे.

१९ नोव्हेंबर

नामी तोड सुचली. मॅडमना चौथा आक्षेप कळवला: कर पगारातून कापतात तसा मूळ रकमेतून कापून उरलेली द्यावी, पदरचे भरायला लावणं नियमबाह्य आहे.

पूर्तता वीस मिनिटांत आली नाही. तासात आली नाही. कामाचा लोड असेल.

२० नोव्हेंबर, लातूर

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी आलो. राजश्रीकडं, आमच्या मुलीकडं, उतरलोय. बसमध्ये लोहा येईपर्यंत चार वेळा ॲप उघडलं. इंदू खिडकीशी बसली होती. अहमदपूरला चहा घेतला. ती उतरली नाही, खाली उतरले तर पुन्हा चढायला दोन माणसं लागतील म्हणाली. मला म्हणाली, तुम्ही फार वाळलात या महिन्यात, माझं ऑपरेशन अन् तुम्हीच काळजी करून राहिलात.

डॉक्टर चांगले आहेत. इंदूनं विचारलं की माहूरच्या पायऱ्या चढता येतील का. डॉक्टर म्हणाले, मावशी, सहा महिन्यांनी आरामात चढाल. इंदू लहान मुलीसारखी हसली. मला पाणी प्यायचं म्हणून मी बाहेर गेलो आणि बाहेरच्या बाकड्यावर दोन्ही हातांत डोकं धरून बसलो.

राजश्री माझ्यामागं आली. बाबा, बरं वाटत नाही का, विचारलं. ५ तारखेला पैसे भरायचेत, मी ऑनलाइन भरू का, तुम्ही मला पाठवून द्या, म्हणाली. मी म्हणालो, मी स्वतः येऊन भरीन, पावती बघून. ती म्हणाली, हो, तुम्ही बघितल्याशिवाय कसं.

पूर्तता नाही.

२२ नोव्हेंबर, नांदेड

ॲप उघडत नाही. 'मेंटेनन्स' असं येतं. ग्रुपातून मी बाहेर आहे. मी बाहेर पडलेलो नाही. देविका मॅडमचा फोटो गेलाय, त्या जागी राखाडी गोल आहे.

शनिवार आहे. शनिवारी ऑफिस बंद असतं.

घाबरायचं कारण नाही. 

२४ नोव्हेंबर

स्मरणपत्र क्रमांक १ पाठवलं. नियमाप्रमाणे सात कामकाजाचे दिवस मुदत. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. म्हणजे २ डिसेंबरपर्यंत. मुदत संपायच्या आत वरिष्ठांकडं तक्रार करणं ही बेशिस्त आहे. कोषागारात मी हे कुणाला करू दिलं नाही.

धम्मप्रियाला विचारावं असं एकदा मनात आलं. बँकेच्या दारापर्यंत गेलो. काचेतून ती दिसली. परत आलो. तेवढंच चालणं झालं.

२६ नोव्हेंबर

स्मरणपत्र क्रमांक २. मेसेजवर एकच टिक.

दारावरची बेल वाजली की वाटतं अमृतराव आला. आज गॅसवाला होता. मी संडासात जाऊन बसलो होतो. इंदूला स्वतः दार उघडावं लागलं, भिंतीला धरून धरून गेली, मला आतून तिची पावलं ऐकू येत होती. सिलिंडरचं बिल माझ्यापुढं ठेवलं. टिक केलं. काय लिहिलं होतं, दिसलं नाही.

२९ नोव्हेंबर

इंदूनं दवाखान्याची पिशवी भरली. दोन गाऊन, टॉवेल, देवीचा लहान फोटो. माझीही लुंगी आत ठेवली. मी म्हणालो, एवढी घाई कशाला, एखादवेळेस तारीख पुढं जाते. ती म्हणाली, का हो?

मी म्हणालो, सहज.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. ही वही कुणी वाचत नाही. मला फार भीती वाटते, आणि पैशापेक्षा त्या पिशवीची जास्त वाटते.

२ डिसेंबर, संध्याकाळ

मुदत संपली. स्मरणपत्र क्रमांक ३ ला एकच टिक. शेवटची आशा म्हणून साडेसहापर्यंत वाट पाहिली, काही ऑफिसं उशिरापर्यंत चालू असतात.

३ डिसेंबर

सायबर पोलिसांकडं गेलो. सोमेश नावाचे तरुण अधिकारी. मी सगळी कागदपत्रं क्रमानं लावून, पानांवर नंबर घालून नेली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले. ६ नोव्हेंबर. आणि कळलं कधी? २२ ला. मग आज का आलात, काका? पहिल्या तासातच फोन करायचा असतो हो, पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात.

मी सात कामकाजाच्या दिवसांचा नियम सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. म्हणाले, याच टोळीची आधीची पत्रं बघा, फालतू होती, कुणी फसत नव्हतं. महिन्याभरात काय झालं कळेना, एकदम सरकारी थाटाची पत्रं निघायला लागली. कंधारच्या एक रिटायर मास्तरीणबाई आल्या होत्या, शिवकांताबाई. त्या म्हणाल्या, साहेब, गोल शिक्का होता, अर्धा सहीवर, म्हणून विश्वास ठेवला.

त्यांनी ते पत्र मला दाखवलं. जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ. एकही त्रुटी नव्हती. माझ्या टेबलावर आलं असतं तर पहिल्या फेरीत पास झालं असतं.

मी त्यांना काही सांगितलं नाही. पाणी मागितलं.

४ डिसेंबर

उद्या पैसे भरायची तारीख. आज सांगावंच लागणार होतं.

इंदू ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो.  तीन वेळा सुरुवात केली. पहिल्यांदा जागतिक मंदीपासून केली, दुसऱ्यांदा बँकांच्या व्याजदरापासून. तिसऱ्यांदा म्हणालो, इंदू, तुझे पैसे गेले. सगळे. मी घालवले.

ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, मला माहीत होतं.

गेल्याचं माहीत होतं? नाही, म्हणाली. पाठवल्याचं. त्या दिवशी बँकेतून धम्मप्रियाचा फोन आला होता. रडकुंडीला आली होती पोर. काकू, काका तुमचे सहा लाख कुठल्या पशुखाद्यवाल्याला पाठवून राहिलेत, मला काही बरोबर दिसेना, तुम्ही फक्त नको म्हणा, मी इथंच थांबवते.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

इंदू म्हणाली, मी म्हणाले की पोरी, हिंगाची एक पुडी जास्तीची लागलेली ह्यांना चालत नाही. तेहतीस वर्षं भल्याभल्यांची बिलं परत पाठवली त्यांनी. त्यांनी बघितलंय ना, मग बरोबरच असणार. तू पाठव.

मग म्हणाली, मला वाटलं, तुम्ही काहीतरी मोठं करून राहिलात माझ्यासाठी. सांगाल तेव्हा सांगाल. म्हणून शिरा केला.

मी रडलो. साठी उलटलेला माणूस, ओसरीत बसून, शेंगांच्या टरफलांत. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ओरडलीही नाही. सोललेले दाणे घेऊन उठायला लागली, उठता येईना. मी हात पुढं केला. तिनं खांब धरला.

५ डिसेंबर

राजश्रीला फोन करून तारीख रद्द करायला सांगितलं. ती कर्ज काढते म्हणाली. इंदूनं फोन घेतला आणि नको म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. अमृतरावचाही फोन आला. त्याला म्हणाली, दाजींना काही बोलू नको, त्यांचं बीपी वाढलंय.

पिशवी तशीच भरलेली आहे. ती रिकामी करू का, असं विचारायची हिंमत होत नाही.

८ डिसेंबर, सकाळ

आज ऑपरेशनची तारीख होती. थंडी आहे. चालायला गेलो नाही.

दूधवाला महिन्याचं बिल घेऊन आला. मी खुर्चीत होतो. सवयीनं लाल पेनाचं टोपण काढून ठेवलं.

इंदूनं बिल घेतलं. भिंतीला धरत आत गेली, फडताळातून स्वतःचा चष्मा काढला, धरत धरत परत आली. उंबऱ्यापाशी टेकून बोटांवर मोजत तारखा बघितल्या. एकदा बघितल्या, मग पुन्हा बघितल्या. दूधवाला म्हणाला, साहेबांना दाखवा की. ती म्हणाली, बघितलंय मी. पैसे मोजून दिले आणि बिल ओट्याजवळच्या खिळ्याला लावून टाकलं.

मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो. पेनाचं टोपण लावलं.